नवसागर, विरजण आणि वीस मासे

सात आठवडे आमच्या परसात एक टाकी नुसत्या पाण्यानं भरून होती. मोटर चालू, पाणी फिरतंय, खडी भिजतेय, आणि टाकीत मासा नाही की खडीत रोप नाही. रोज सकाळी पतसंस्थेत जायच्या आधी मी काचेच्या नळीत ते पाणी घ्यायचे, त्यात पाणी तपासायच्या किटमधले थेंब टाकायचे, आलेला रंग तक्त्याशी ताडायचे आणि वहीत आकडा लिहायचे. सासूबाई दाराशी बसून बघत असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, मासे आणणार आहेस का पाणीच पाळायचंय?"

पाणीच पाळायचं असतं. ॲक्वापोनिक्स म्हणजे खाली मासे, वर भाजी, माशांच्या घाणीवर भाजी वाढते आणि भाजी पाणी स्वच्छ करून परत पाठवते, एवढंच मला सुरुवातीला माहीत होतं. पण माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून जो अमोनिया पाण्यात येतो, तो माशालाच मारतो. मधे जिवाणूंच्या दोन फळ्या लागतात. पहिली अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरी फळी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट माशाला सहसा बाधत नाही आणि रोपाला हवंच असतं. हे जिवाणू खडीच्या अंगावर चिकटून राहतात. ते आले नाहीत तोवर टाकीत सोडलेला मासा आपल्याच घाणीत गुदमरणार.

मला हे सगळं गच्चीवर करायचं होतं, ऊन तिथे भरपूर. माझे दीर बांधकामातले. त्यांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला: ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून काढलेला असतो. माझी ३०० लिटरची टाकी जेमतेम अर्धा चौरस मीटर जागा घेते, आणि पाणी लिटरला एक किलो. म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. खडीचे दोन वाफे वेगळेच, एकेक सव्वाशे किलोचा. "वहिनी, हे खालीच," एवढं बोलून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. गच्चीवर करू बघणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब आधी करावा, आणि जाणकाराला दाखवावा.

म्हणून परसात. सातारचं आमचं घर जुनं, मागे मोरीच्या पाण्यावर सासूबाईंचं अळू. त्या मूळच्या चिपळूणकडच्या. मी त्यांना समजावायला गेले तर मलाच म्हणाल्या, "यात नवीन काय? आमच्या खाचरांत पहिल्या पावसाला चढणीचे मासे यायचे, भातातच फिरायचे." खरंच की. आणि मोरीच्या पाण्यावरचं अळूही त्याच जातीचं.

सामान सांगते. २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरून दोन वाफे केले. ड्रम खाण्याच्या पदार्थाचा होता हे विचारून घेतलं. औषधाचा किंवा रसायनाचा कितीही धुतला तरी नको. खडी २० मिलिमीटरची, क्रशरवरची. आपला काळा पाषाण इथे फार सोयीचा, तो पाण्यात काही सोडत नाही. तरीही चार खडे वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतून बघायचं. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, चढवत राहते. माझ्या वाटीत फेस आला नाही. खडी मात्र पाच पाण्यांनी धुवावी लागली, नाहीतर भुकटीचा गाळ टाकीत.

वाफे भरायचे आणि आपोआप रिकामे व्हायचे, यासाठी वक्रनलिका लावतात. उभ्या पाइपवर मोठा पाइप टोपीसारखा उपडा घालायचा. पाणी ठरावीक उंचीला आलं की सगळं एका दमात ओढून खाली टाकीत पडतं, आणि मग मुळांना हवा मिळते. लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आकृती आहे, पण आमची वक्रनलिका दोन रविवार सुरूच होईना. जेवढं पाणी वर येई तेवढंच पाइपच्या कडेवरून झिरपत खाली जाई. शेवटी उभ्या पाइपच्या तोंडाला नरसाळ्यासारखा रिड्यूसर बसवला आणि खालच्या टोकाला एल्बो. त्यानंतर पहिल्यांदा ती घळघळ वाजली तेव्हा लेक ओरडतच घरात धावली.

आता त्या सात आठवड्यांबद्दल. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पाणी भरलं. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, कारण क्लोरीन जिवाणूंनाही मारतो. मासे नाहीत तर अमोनिया कुठून आणायचा? काहीजण माशांचं खाद्य टाकून कुजवतात. मला मोजता येईल असं काही हवं होतं. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात चिमूट टाकली की पांढरा धूर आणि नाकात झिणझिण्या. तोच. पण कल्हईच्या नवसागरात इतर काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून बरणी आणली. ३०० लिटरला दोन ग्रॅम टाकले की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास जातो. दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर तोलून घेतला.

मग वाट बघणं. वहीत अमोनियाच्या रकान्यात २, २, २, २. बारा दिवस आकडा हलला नाही. बोअरचं पाणी थोडं मिसळलं होतं, त्यामुळे पीएच ८ होता. तसल्या पाण्यात मासे असते तर काय झालं असतं याचा विचार करून मला कसंसं व्हायचं, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. मी फार अस्वस्थ होते. सासूबाईंनी विचारलं, नेमकं काय अडलंय? मी म्हटलं, आई, जिवाणू लागत नाहीयेत.

"थंडीत दही तरी कुठं लवकर लागतं?" त्या म्हणाल्या. "आणि विरजण घातलंस का?"

मला ते सुचलंच नव्हतं. रात्री पारा १४ वर येत होता आणि हे जिवाणू गारठ्यात अगदी सुस्त असतात. आणि विरजण शेजारच्या गल्लीत होतं. तिथले एक काका कित्येक वर्षं फिशटँक राखून आहेत, मासे तजेलदार, कधी रोगराई नाही. (आजारी टाकीचं विरजण घेऊ नये, रोगही येतो.) त्यांच्या फिल्टरचा जुना काळपट स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यात पिळून ते गढूळ पाणी मी बादलीतून आणलं आणि खडीवर ओतलं. टाकीला जुनी गोधडी गुंडाळली, सासूबाई थंडीत दह्याच्या भांड्याला गुंडाळतात तशी. सहाव्या दिवशी अमोनिया उतरला, नायट्राइट चढलं. नायट्राइट चढून तीन आठवडे तसंच बसलं, मग एका सकाळी नळीतला जांभळा रंग नाहीसा होऊन आकाशी झाला. नवसागर टाकून चोवीस तासांत दोन्ही आकडे शून्यावर आले, असं सलग तीनदा झालं तेव्हाच मासे आणायचं ठरवलं.

संक्रांतीनंतर सायप्रिनसची (कॉमन कार्प) वीस बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. रोहू-कटल्याला मोठं तळं हवं, सायप्रिनस काटक, चुका पोटात घालतो. तिलापियाला आपल्याकडे परवानगी लागते आणि थाई मागूर बंदी असलेला मासा आहे, कुणी दिला तरी घेऊ नये. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग सोडली.

इथे बहुतेकांची एक चूक होते, पहिल्याच दिवशी वाफे गच्च लावतात. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यामागे माशांना दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य जावं, हे लहान ॲक्वापोनिक्ससाठी जागतिक अन्न आणि कृषी संघटनेनं २०१४ च्या पुस्तिकेत दिलेलं गणित आहे. माझे दोन्ही वाफे मिळून एक चौरस मीटर. आणि दहा ग्रॅमची वीस पिल्लं दिवसाला सहा ग्रॅम खाणार. म्हणजे रोपांना अन्न आठव्या हिश्श्याचं. म्हणून सुरुवातीला फक्त पुदिना, थोडा पालक आणि आंबट चुका लावला. मासे वाढले तशी भाजी वाढवली.

मार्चमध्ये पालकाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक. ही लोह कमी पडल्याची खूण. माशांच्या खाद्यात लोह कमी असतं. गंजके खिळे टाका असं मला दोघांनी सांगितलं, पण एवढ्या पीएचच्या पाण्यात ते लोह रोपाला मिळत नाही, तळाशी गाळ होऊन बसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून बांधलेलं) मिळतं, ते बहुधा ईडीटीए प्रकारचं असतं आणि आपल्या जड पाण्यात टिकत नाही. ईडीडीएचए मागून घ्यावं. पाणी लालसर होतं, घाबरायचं नाही. नवी पानं आठ दिवसांत हिरवी आली.

पानांवर मावा ही रस शोषणारी कीड आली तेव्हा मात्र हात बांधलेले होते. निंबोळी तेल मी बागेत सर्रास वापरते, पण ते माशांना घातक. बोटांनी चिरडणं आणि पाण्याची धार, एवढंच.

मे महिन्यातली रात्र सांगायलाच हवी. वळीव आला आणि नऊला वीज गेली. त्या संध्याकाळी मी मूठभर खाद्य जास्त टाकलं होतं, मासे तुटून पडत होते म्हणून. पाणी ३१ अंश. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यात भरल्या पोटी माशाला तो जास्त लागतो. पहाटे पाचला कंदील घेऊन गेले तर सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. मी, सासूबाई आणि लेक, तिघी तांब्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, वीज येईपर्यंत, तासभर. पाच मासे गेले. लेकीनं ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरले. ती दिवसभर बोलली नाही आणि मलाही जेवण गेलं नाही. त्या आठवड्यात वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप आणला. हा पहिल्या दिवशी घ्यायचा, भाजीच्या बियांच्याही आधी. आणि आभाळ भरून आलं की त्या दिवशी खाद्य नाही.

आता पाऊस आहे. जिवाणूंच्या कामात पाण्यातला आम्लाला आवर घालणारा क्षार संपत जातो आणि पीएच उतरतो. माझा ६.६ झाला होता, तेव्हा विझवलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून चिमटी-चिमटीनं दिलं. तळाचा गाळ पंधरा दिवसांनी नळीनं ओढते, तो जातो अळवाला. पानं इतकी रुंद झालीत की सासूबाईंनी काल एका पानात दोन वड्यांचा ऐवज भरला.

पतसंस्थेतल्या एक ताई रविवारी येणार आहेत, त्यांनी कोरेगावला टाकी मांडली आहे आणि त्यांचा आकडा २ वरच अडलाय. त्यांच्यासाठी जाळीच्या पिशवीत दोन किलो खडी घालून महिन्यापूर्वीच माझ्या वाफ्यात पुरून ठेवली आहे. त्यांना बजावून सांगितलंय, झाकणाची बादली आणा, वाफ्याचंच पाणी भरून देते, वाटेत सुकू देऊ नका आणि घरी गेल्यावर नळाखाली अजिबात धुऊ नका.