काटापावतीवरचा आकडा जागच्या जागी

कापूस निघाला की आमच्या धर्मकाट्यावर गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जाते. हिंगणघाटच्या बाजूला हे नवं नाही. पावती मात्र आम्ही आजही डॉट मॅट्रिक्सवरच काढतो. तीन प्रती एकाच वेळी लागतात: शेतकऱ्याची, जिनिंगची, काट्याची. खालच्या कार्बनपर्यंत ठोका पोचवायला पिनाच हव्यात, ते लेझरचं काम नाही.

पावतीवरचे मथळे प्रेसमधून मराठीत छापून येतात, प्रिंटरनं फक्त चौकटी भरायच्या. विंडोजच्या ड्रायव्हरमधून पाठवलं तर अख्खी पावती चित्रासारखी निघते, हेड सावकाश फिरत राहतं आणि बाहेर बैल ताटकळतात. म्हणून मी प्रिंटरला थेट एप्सनच्या ईएससी/पी आज्ञा पाठवतो. या आज्ञा म्हणजे प्रिंटरला ओळीनं पाठवायचे आकडे (बाइट). त्यातल्या बहुतेक आज्ञांची सुरुवात एस्केपनं, म्हणजे २७ नं होते.

आमची पावती ४ इंच उंच. २७ ६७ ० ४ पाठवलं की प्रिंटर तेवढंच पान धरतो आणि शेवटी १२ पाठवला की कागद बरोबर पुढच्या पावतीच्या कडेला येऊन थांबतो. पण ही आज्ञा मिळते तेव्हा कागद जिथं असेल तीच वरची कड ठरते. त्यामुळं कागद आधी फाडरेषेवर बसवायचा.

खरा जीव निव्वळ वजनाच्या चौकटीत. ती डावीकडून साडेपाच इंचांवर आहे. मोकळ्या जागा मोजून तिथं पोचू नये; गावाचं नाव बारीक अक्षरात, १५ देऊन छापलं की सगळं गणित सरकतं. त्यापेक्षा थेट जागा सांगावी. माप इंचाच्या साठाव्या भागात, म्हणजे ३३०. एका बाइटात २५५ च्या वर मावत नाही, म्हणून २५६ चा १ गठ्ठा आणि उरलेले ७४. उरलेले आधी लिहायचे, मग गठ्ठे: २७ ३६ ७४ १.

तो आकडा मी ठळक (२७ ६९) आणि दुप्पट रुंद (२७ ८७ १) काढतो, मग २७ ७० आणि २७ ८७ ० नं दोन्ही बंद. एक म्हातारेबुवा म्हणाले होते, "पोरा, मले आकडा दिसला पाह्यजे." वर्षभराची मेहनत त्या एका आकड्यात असते, तो दिसलाच पाहिजे.

आमच्याकडं लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि वीज गेली की प्रिंटर पाठवलेलं सगळं विसरतो. म्हणून प्रत्येक पावतीची सुरुवात २७ ६४ नं, म्हणजे सगळं मूळपदावर आणून, आणि त्यामागून पानाची उंची.

हे आकडे फाइलमध्ये लिहून ती विंडोजच्या कॉपी (copy) आज्ञेनं प्रिंटरकडं पाठवत असाल तर आज्ञेला /बी (/b) लावाच. चौकट ४.७ इंचांवर असली तर २८२ होतात, म्हणजे २६ आणि १. आणि /बी नसेल तर २६ दिसला की ती आज्ञा फाइल संपली असं धरते. पावती ऐन वजनापाशी तुटते.