फलकावरचं कात्रण

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला. लिहायला बसलो तर गणिताच्या सरांपलीकडं काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

१९७६ साल, मी आठवीत. हृषिकेश मुळगावकर हवाई दलाचे प्रमुख झाले. मराठी माणूस एअर चीफ मार्शल झाला म्हणून सरांनी पेपरातलं कात्रण फलकावर लावलं. मधल्या सुट्टीत मी चारी टाचण्या उपसून ते दप्तरात घातलं.

सरांनी छडी उचलली नाही. बाकाजवळ येऊन म्हणाले, "काढलास ते काढलास, खरं वाचलास काय?"

वाचलं कुठं होतं! मला नुसता टोपीवाला फोटो हवा होता. मग वर्गापुढं उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं : १९४० साली दलात दाखल, १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र. वर पायलट ऑफिसरपासून एअर चीफ मार्शलपर्यंतची दहा पदं पाढ्यासारखी पाठ करायची शिक्षा. एअर कमोडोरला मी तीनदा अडखळलो. "एकोणतिसाच्या पाढ्यात अडतोस, तसाच हितंबी," म्हणाले. पाठ झाल्यावर कात्रण मलाच दिलं.

बेळगावजवळच्या सांबऱ्याचं हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल सायकलच्या अंतरावर, पण त्या फाटकातून आपल्यालाही आत जाता येतं हे सरांनीच सांगितलं. १९८१ साली अर्जही त्यांनीच समोर बसून भरून घेतला. पाठ होती अधिकाऱ्यांची शिडी, चढलो मात्र दुसरीच : कॉर्पोरल, सार्जंट, शेवटी वॉरंट ऑफिसर. मिग-२१ च्या इंजिनांत हात काळे करण्यात उमेदीची वर्षं गेली, तक्रार नाही.

२००९ साली प्रदीप नाईक प्रमुख झाले, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. सरांना फोन लावला. ऐकू कमी यायचं. "कुठला नाईक? तुझ्या वर्गातला काय रे?" २०२१ ला नांदेडकडचे विवेक चौधरी झाले, तेव्हा फोन उचलायला सर नव्हते.

परवा शाळेत डोकावलो. आठवीच्या दोन तुकड्यांची एकच उरलीय. सकाळी पिवळ्या बसा भरून पोरं इंग्रजीला जातात. माझा नातूही त्याच बसमध्ये असतो, मी कुणाला काय बोलणार?

कात्रण अजून ट्रंकेत आहे, घड्यांवर फाटलंय. कार्यक्रमाला घेऊन येतो. फलकाजवळ चार टाचण्या तेवढ्या ठेवा.