पावसाळ्यासाठी दिवाणखान्याची नवी मांडणी
मृगाच्या सरी सुरू होण्यापूर्वी दिवाणखान्याची मांडणी बदलणे हा आमच्या घरचा नेमच झाला आहे. कोल्हापुरात मोसमी वारे मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे त्या बाजूच्या भिंती आधी ओल धरतात आणि सप्टेंबर सरेपर्यंत पुरत्या सुकत नाहीत. म्हणून पश्चिमेच्या खिडकीखालचा सोफा आतल्या भिंतीकडे घेतला, आणि तोही भिंतीला न चिकटवता मागे वीतभर जागा सोडून, कारण हवा खेळली नाही तर पाठीमागच्या कापडावर बुरशी धरते. लाकूड दमट हवेतील बाष्प शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. त्यामुळे सागवानी कपाटाचे खण जुलैत ओढता ओढवत नाहीत. खणांच्या कडांना आताच मेण घासून ठेवले आणि पुस्तकांचे कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर नेले. जाड गालिचा उन्हात वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेवला. त्याच्या जागी सतरंजी आली, दिवाणावर काळे घोंगडे आले. ते थोडे टोचते, पण पावसाळी संध्याकाळी त्याची ऊब दुसऱ्या कशाला नाही. खिडकीपाशी आता फक्त वेताची खुर्ची आणि चहाचे स्टूल आहे. सासूबाईंना ही मांडणी ओकीबोकी वाटते. मला मात्र पूर्वेचा कोपरा मोकळाच हवा आहे, कारण भाद्रपदात गौरी-गणपतीची आरास तिथेच मांडायची असते आणि ऐन वेळी जड कपाट हलवायला घरात कुणीही सापडत नाही.