सेवणचं ओलं वजन फसवं असतं

आजचा दिवस जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कातला. सकाळी चिंकारा मोजणी, नंतर सेवण गवताची कापणी, वाळवून वजन करायला.

ज्या रेषेवरून मोजत जायचं, ती 2 किलोमीटर. जनावर दिसलं की रेंजफाइंडरनं, म्हणजे लेझरनं अंतर सांगणाऱ्या यंत्रानं अंतर, कंपासनं कोन. गोम अशी, की चिंकारा चाहूल लागताच सरकतो, मग थांबून वळून बघतो. मोजायची ती पहिल्यांदा दिसला ती जागा. थांबला तिथली धरली तर रेषेजवळची जनावरं कमी भरतात आणि घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती जनावरं, ती खोटी उतरते. जागा रिकामी झाली? तिथल्या रुईच्या झुडपावर लेझर मारा. ऊन चढून हवा थरथरायला लागली की मोजणी बंद.

सेवण गवताला जमिनीवर ठेवायची 1 मीटरची चौकट पुरत नाही, आतलंच गवत कापायचं असतं. ते ठोंबांनी वाढतं. एका चौकटीत भलामोठा ठोंब, शेजारच्या तिघींत नुसती वाळू. 2 बाय 2 ची घ्या. कडेवरचा ठोंब धरायचा की सोडायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. 5 सेंटीमीटरवर विळा, हिरवं वेगळं, गतवर्षीची करडी काडी वेगळी. पिशवी कागदाची, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. नंबर पेन्सिलनं, शाई घामानं फिसकटते. ओलं वजन फसवं, म्हणून मग ओव्हन, 60 अंश, 48 तास. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायला हमखास विसरतात!

लेंड्यांत शेळी आणि चिंकारा यांची गल्लत होते. चिंकारा एकाच जागी ढीग घालतो, शेळी चालता चालता सांडते.

आणि हो, माळढोक, म्हणजे इथला गोडावण, आज दिसला नाही.