तयार गिलाव्याच्या गोण्या किती लागतील? माझा अनुभव

‘ताई, गोणीला वीस फूट धरा, डोळे झाकून.’ हे वाक्य मला दुकानदाराने सांगितलं, टेम्पोवाल्याने सांगितलं, ओळखीच्या काँट्रॅक्टरनेही सांगितलं. कितीही विचारलं तरी एकानेही सांगितलं नाही की हे वीस चौरस फूट किती जाडीच्या गिलाव्याचे. काम होऊन गेलं, तरी त्याचा राग अजून आहे, म्हणून हे लिहितेय.

पुण्यात जुन्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे. बाथरूमच्या ओलीमुळे दोन भिंतींचा गिलावा सुटला होता, ठोकलं की पोकळ वाजायचा. गळती बंद केली, सोसायटीची परवानगी घेतली, जुना गिलावा तोडून राडारोडा उचलला. यात काही अडलं नाही. वाळूचा ढीग टाकायला आणि चाळायला सोसायटीत मनाई आहे, म्हणून ४० किलोच्या तयार गिलाव्याच्या गोण्या आणायचं ठरलं. सिमेंट आणि वाळू आतच मिसळलेली असते, आपण फक्त पाणी घालायचं.

दुकानदाराचा हिशेब सोपा होता. एक भिंत १४ बाय साडेनऊ, दुसरी साडेदहा बाय साडेनऊ, दाराचे ३ बाय ७ वजा. म्हणजे साधारण २१२ चौरस फूट. भागिले वीस, ११ गोण्या. ‘उतरवलेला माल परत घेत नाही, आणि परत मागवलात तर टेम्पोचं भाडं वेगळं,’ हेही त्याने लगेच सांगून टाकलं. म्हणजे आकडा चुकला की भुर्दंड आपल्याच माथी, आणि आकडा देणारा मात्र मोकळा.

आमच्या मिस्त्रींनी उघडी पडलेली वीट बघितली आणि मान हलवली. ‘ताई, ही भिंत अकरात नाही व्हायची. बघा ना, पोट किती आलंय हिला.’ मग अकरा नाही तर किती? ते म्हणाले, जास्तच मागवा. जास्त म्हणजे किती, हे त्यांनाही सांगता येईना. दुकानात परत गेले. गोणीवर छापलेला आकडा १२ मिमी जाडीचा होता, तोही बारीक अक्षरांत. मी विचारलं, माझी भिंत १२ मिमीत बसत नसेल तर? ‘सगळे असंच नेतात,’ एवढंच उत्तर मिळालं.

तेव्हा ठरवलं की चौरस फुटांचा नाद सोडायचा आणि लिटरमध्ये मोजायचं. एक चौरस मीटर भिंतीवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर माल. एवढं लक्षात ठेवलं की कुणाच्या ‘धरा’वर अवलंबून राहावं लागत नाही.

मिस्त्रींनी भिंतीवर आडवी-उभी लाइनदोरी ताणली, ओळंबा लावला. दोरी तयार गिलाव्याच्या पृष्ठभागावर येईल अशी धरली आणि दोरीपासून विटेपर्यंतचं अंतर मी पट्टीने ठिकठिकाणी मोजून भिंतीवरच पेन्सिलने लिहिलं. दाराशी १२, मधोमध १४, खिडकीच्या बाजूला थेट २४. सरासरी आली १७ मिमी. २१२ चौरस फुटांना १०.७६४ ने भागलं की १९.७ चौरस मीटर. गुणिले १७, म्हणजे ३३५ लिटर.

यात विटांचे सांधे येत नाहीत. गिलावा धरून राहावा म्हणून सांधे १० मिमी खोल खरवडतात, आणि तेही माल खातात. चौरस मीटरला साधारण दीड लिटर, म्हणजे आमचे ३० लिटर. वायरिंगसाठी मारलेल्या झिऱ्या १२ मीटर लांब, ४ सेंमी रुंद, ३ सेंमी खोल होत्या. पाइपची जागा सोडून त्यात ११ लिटर. एकूण ३७६ लिटर.

आता एका गोणीतून किती लिटर माल निघतो, ते हवं. हे दुकानात कुणालाही माहीत नव्हतं. मी एकच गोणी आणली. रंगाच्या रिकाम्या बादलीत लिटरची बाटली ओतत आतून खुणा करून घेतल्या, गोणी कालवली आणि मोजली. निघाले २३ लिटर. (पाणी मात्र गोणीवर लिहिलंय तेवढंच घाला, मोजून. जास्त पाण्याने माल वाढल्यासारखा दिसतो आणि गिलावा कमजोर होतो.) तो माल वाया गेला नाही, लगेच झिऱ्यांमध्ये आणि सांध्यांमध्ये भरला.

३७६ भागिले २३, म्हणजे १६ च्या थोडं वर. खाली सांडतं, थापीला चिकटतं, त्यासाठी पाच टक्के धरले. सव्वासतरा, म्हणजे १८ गोण्या. दुकानदाराचे ११, माझे १८! सतरा पूर्ण लागल्या, अठरावीतला थोडा माल गेला आणि उरलेला दाराच्या चौकटीभोवतीच्या फटीत भरला. मिस्त्रींनी बादलीवरच्या खुणांचा फोटो काढून घेतला, त्याचा मला फार आनंद झाला.

मालाची ऑर्डर देताना गोण्यांवरची उत्पादनाची तारीख बघून घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. पावसाळ्यात तर नक्कीच. जुन्या गोणीत गुठळ्या धरतात आणि तसा माल वापरण्यात अर्थ नाही. घरात गोण्या फळीवर, भिंतीपासून लांब रचा. आमच्यासारखा १७-२० मिमीचा गिलावा असेल तर एकदम थापू देऊ नका, दोन थरांत करून घ्या, पहिला थर ओला असतानाच खरवडून. लिटर तेवढेच लागतात, पण मिस्त्रींचे दिवस वाढतात, ते मजुरीत आधीच धरा.

विटेऐवजी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत बांधत असाल तर ते ब्लॉक जोडायच्या चिकट मसाल्याच्या गोण्याही अशाच मोजता येतात. ६०० बाय २०० चे, १०० मिमी जाडीचे ब्लॉक असतील तर ३ मिमी सांध्याला चौरस मीटरमागे सुमारे दोन लिटर मसाला लागतो. मिस्त्रींनी सांधा ६ मिमी ठेवला तर गोण्या दुप्पट. तेव्हा दुकानात जायच्या आधी त्यांनाच विचारा, सांधा किती ठेवणार.