एका पोरामागे दोन वर्षं

जर्मनीत विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत मुदतीच्या करारावर राबणाऱ्याला एका पोरामागे दोन वर्षं जास्त मिळू शकतात. ही बाळंतपणाची रजा नव्हे, ती वेगळी. कायदा असा की डॉक्टरेटच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं माणसाला असं तात्पुरतं ठेवता येतं. पुढे एक तर कायम करा, नाहीतर रामराम. प्रकल्पाच्या पैशांवर थोडी पळवाट आहे, पण मूळ नियम हा. आणि या सहा वर्षांच्या हिशेबात अठरा वर्षांखालचं मूल सांभाळणाऱ्याला मुलामागे दोन वर्षं वाढवून देता येतात. आईला, तशीच बापालाही.

हे मी ऐकून होते. पण मध्यंतरी कराराच्या कामासाठी ऑफिसात बायोडाटा घेऊन गेले, तर तिथल्या बाईंनी दोन्ही पानं वरून खाली पाहिली, मधल्या एका मोकळ्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, "मूल कुठंय?"

मी म्हटलं, "बालवाडीत."

बाई हसल्या. "इथे कुठंय, ते विचारतेय."

ज्यांचं शिकताना एखादं वर्ष मोडलंय त्यांना आपल्याकडची रीत सांगायला नको. बारावीनंतर आईच्या आजारपणात माझं एक वर्ष घरी गेलं. पुढे प्रवेशाच्या वेळी एका कॉलेजात गॅप सर्टिफिकेट मागितलं. शंभराचा स्टॅम्प पेपर, तहसीलसमोरच्या टपरीतला टायपिस्ट, "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेत नव्हते", खाली सही, वर नोटरीचा शिक्का. आप्पा बाहेर मोटारसायकलला टेकून उभे, चेहरा असा की पोरीवर जणू केस झालीये. आईला उठवणं-बसवणं, तिची औषधं, सालदाराच्या भाकरी, यातलं त्या कागदावर काहीच नव्हतं. मी काय करत नव्हते, तेवढंच होतं.

आणि इथे? इथल्या डीएफजी या मोठ्या निधी संस्थेकडे अर्ज करा, तर त्यांच्या बायोडाट्याच्या नमुन्यातच मुलं, आजारपण, घरच्यांची सेवा हे लिहायला जागा आहे. शोधनिबंधही ढीगभर नकोत, निवडक द्या म्हणतात. मी इतकी हरखले की लगेच बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "मग दुसऱ्याचं मनावर घे, चार वर्षं होतील." नवऱ्यालाही हे गणित फार आवडलं, म्हणून विषय तिथेच बंद केला.

याच सुमारास विभागाच्या भिंतीवर लावायच्या टिपणांचं काम माझ्या गळ्यात पडलं. संगणकावर भौतिकशास्त्र करणाऱ्या, मोठमोठे पुरस्कार मिळवलेल्या लोकांची कारकीर्द, प्रत्येकी एक पान. पहिलं पान अर्थातच अनीसुर रहमान यांचं. आपला माणूस!

जन्म हैदराबादचा, १९२७चा. केंब्रिजला शिकले, डॉक्टरेट बेल्जियममधल्या लूव्हेनला. आमच्या आखेनहून ब्रुसेल्सला जाणारी गाडी त्याच गावावरून जाते. १९६० साली ते शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत लागले आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० या संगणकावर त्यांनी आर्गॉन या वायूच्या (प्रयोगशाळेचं नाव नुसतं सारखं) द्रवरूपाचे ८६४ अणू एका काल्पनिक पेटीत सोडले. तापमान ९४.४ केल्विन, म्हणजे उणे १७९ अंशांच्या आसपास. भुसावळच्या फलाटावर गाडी लागली की माणूस आपल्या मर्जीने चालत नाही, आजूबाजूचे रेटतील तसा सरकतो. तसं प्रत्येक अणूला शेजारचे किती ढकलतात आणि किती ओढतात ते मोजायचं, त्याला सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागापुरता पुढे सरकवायचं, आणि पुन्हा सगळ्यांचं मोजायचं. पेटीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो, म्हणजे थोडक्या अणूंतही भिंतीचा त्रास होत नाही. याआधी अ‍ॅल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ मध्ये संगणकातच टणक गोळ्या एकमेकांवर आपटवून पाहिल्या होत्या. खऱ्या द्रवासारखी ओढ असलेले अणू पळवले ते रहमान यांनी. अणू किती भटकतो, शेजारी किती अंतरावर असतात, ही उत्तरं प्रयोगाशी जुळली. पुढे १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासोबत २१६ रेणूंचं पाणीही करून दाखवलं. आज माझा लॅपटॉप हे आर्गॉनचं गणित चहा होईस्तोवर उरकतो, पण पद्धत तीच.

रहमान १९८७ मध्ये गेले. अमेरिकन फिजिकल सोसायटी त्यांच्या नावाने संगणकीय भौतिकशास्त्राचा पुरस्कार देते, आणि १९९३ चा पहिलाच मिळाला केनेथ विल्सन यांना. विल्सन यांच्या घरी नोबेल १९८२ पासून होतं. म्हणजे नोबेलवाल्याला आपल्या हैदराबादच्या माणसाच्या नावाचा पुरस्कार! हे मी टिपणात जरा ठसक्यातच लिहिलं. तर एका सहकाऱ्याने वाचून शांतपणे विचारलं, "जन्मस्थान पहिल्याच ओळीत कशाला? कामाशी संबंध आहे का?"

झालं. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलंय ते फिरलंयच.

इथल्या कुठल्याही पुरस्कारविजेत्याचा परिचय काढून वाचा. पदवी, डॉक्टरेट, पद, पद, पद, पुरस्कार. बाप काय करत होता, आईने काय सोसलं, गाव कुठलं, शाळेला कितीची पायपीट, कशाचा पत्ता नाही. जणू माणूस विद्यापीठाच्या पायऱ्यांवरच जन्मला. आणि कौतुक तरी कसं? मागे आमच्यातल्या एकाला चांगला घसघशीत पुरस्कार जाहीर झाला. बैठकीच्या सुरुवातीला प्रमुखांनी एका वाक्यात सांगितलं, सगळ्यांनी बोटांची पेरं टेबलावर ठकठक वाजवली (इथे टाळ्यांऐवजी हेच), आणि पुढचा विषय होता कॉफीच्या मशीनची वर्गणी. तो पठ्ठ्याही वर्गणीवर तावातावाने बोलला. मला त्याच्या आईला फोन करावासा वाटत होता.

आपल्याकडे दुसरं टोक, मान्य. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाने सत्कार केला. चौकात फ्लेक्स, त्यावर माझा फोटो पासपोर्टएवढा आणि पुढाऱ्यांचे हातभर. शाल, श्रीफळ, उन्हाळ्यात ४४ अंशांत ती शाल. सूत्रसंचालकांनी "अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून" अशी सुरुवात केली. आठ एकर केळी, पूर्ण ठिबक, असा बागाईतदार बाप पहिल्या रांगेत बसलेला! आप्पांचं तोंड एवढंसं झालं. माझं काम काय, हे त्या मंडपात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तरीपण सांगते, आईला मंचावर बोलावून साडी दिली होती. कुठल्या जर्मन पुरस्कारात हे होतं, दाखवा. आपलं सगळं अतिच असतं, पण त्या अतिमध्ये निदान माणसं असतात. इथे माणसांसाठी रकाना आहे. चांगला रकाना आहे, मला तो हवाच आहे, पण तो अर्जात. पुरस्कार मिळाल्यावर भिंतीवर जे लागतं त्यात तो गळतोच.

हे पटवायला मला पुरावा मिळाला तो आरियाना रोझेनब्लूथ यांचा. दुसरं टिपण मेट्रोपोलिस पद्धतीवर होतं. लाखो शक्यतांतून संगणकाने फासे टाकत वाट कशी काढायची, याची ही कृती. १९५३ चा तो निबंध पाच जणांचा: मेट्रोपोलिस, रोझेनब्लूथ नवरा-बायको, टेलर नवरा-बायको. नावं वर्णानुक्रमाने, म्हणून पद्धतीला नाव पहिल्याचं लागलं. मार्शल रोझेनब्लूथ यांनी पन्नास वर्षांनी सांगितलं की मेट्रोपोलिस यांचा वाटा संगणकावर वेळ मिळवून देण्यापुरता होता. आणि अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मॅनिअ‍ॅक या संगणकावर तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष लिहिला आरियानाबाईंनी. हार्वर्डच्या डॉक्टरेट, मार्गदर्शक व्हॅन व्ह्लेक, जे पुढे १९७७ च्या नोबेलचे मानकरी झाले. शिवाय तलवारबाजीत ऑलिंपिकच्या तोडीच्या. १९४४ चं ऑलिंपिक युद्धाने रद्द झालं, १९४८ ला लंडनला जायला पैसे नव्हते. पहिलं मूल झाल्यावर त्यांनी संशोधन सोडलं. २०२० च्या डिसेंबरात गेल्या. त्यांच्या नावापुढे पुरस्कारांची माळ नाही, म्हणून आमच्या यादीतही त्या नव्हत्या. मी घातल्या. त्याच यंत्रावर फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांचं १९५५ चं प्रसिद्ध गणित चालवणाऱ्या मेरी त्सिंगू यांचं नाव निबंधात आभारापुरतं होतं. त्यांचं नाव त्या गणिताला जोडायला हवं, हे सुचवायला २००८ उजाडलं.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मामांचा फोन. मामांचा प्रश्न ठरलेला: "मंग पक्की नोकरी शे का नही?"

नाही, मामा. तुमचा प्रशांत जिल्हा परिषदेच्या शाळेत पक्का आहे, मी पस्तिशी ओलांडून अजून करारावर आहे. इथे २०२१ मध्ये याच कायद्यावरून तरुण संशोधकांनी समाजमाध्यमांवर रान उठवलं होतं, कायदा अजून जागेवर आहे. बाई हसून दोन वर्षं जोडून देतात, पण वाढते ती मुदत, नोकरी नव्हे. मामांना मी हे सांगितलं नाही. त्यांना स्युकुरो मानाबे सांगितले. जपानमधल्या एका खेड्यातले, बाप डॉक्टर, आजा डॉक्टर, हा गडी हवेच्या मागे लागला. १९५८ मध्ये अमेरिकेला गेला, १९६७ मध्ये सहकारी वेदराल्ड यांच्यासोबत गणित मांडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे २.३ अंशांनी तापेल, आणि २०२१ मध्ये, नव्वदीत, भौतिकशास्त्राचं नोबेल. नागरिकत्व का बदललं, असं पत्रकारांनी विचारलं, तर म्हणाले की जपानमध्ये सगळे एकमेकांना सांभाळून राहतात, मला ते जमत नाही. अमेरिकेत साहेबाने हवं ते करू दिलं, हवे तेवढे संगणक दिले.

मामा म्हणाले, "म्हंजे तुलेबी जमत नही."

यावर मी संगणकाचं कारण पुढे केलं. ते मी नेहमीच पुढे करते. शेजारच्या युलिशला ज्युपिटर नावाचा महासंगणक २०२५ मध्ये सुरू झाला, सेकंदाला दहा परार्ध (एकावर अठरा शून्यं) आकडेमोडी, सुमारे २४,००० चिपा. पण खरं सांगायचं तर मीही त्याच्याशी खोलीत बसून, काळ्या पडद्यावर पासवर्ड टाकूनच बोलते. तो पासवर्ड चोपड्यातूनही चालेल, लाईट असली तर. आणि पुण्याला परम महासंगणक आहेच, १९९१ पासून. तरी मी इथे आहे. इथे मी घरी पाच वाजता जाते आणि कोणी बघत नाही. लेकीला ताप आला की सांगून निघते, कारण विचारत नाहीत. एवढ्यावर माणूस राहतो का? मी राहिलेय.

टिपणं परवा भिंतीवर लागली. प्रमुखांनी जागा पुरत नाही म्हणून आरियानाबाईंची तलवारबाजी आणि "पहिलं मूल झाल्यावर" या दोन ओळी पेन्सिलीने खोडल्या होत्या. मी अक्षरांचा आकार एकाने कमी केला आणि दोन्ही ठेवल्या. हैदराबादही पहिल्याच ओळीत आहे.