एन२७ई०८६ : एका अबोल फाइलीबरोबर एव्हरेस्टपर्यंत

एव्हरेस्ट शिखर ज्या एक अंश लांबी-रुंदीच्या चौकोनात येते, त्या चौकोनातील उंचीचे आकडे 'एन२७ई०८६.एचजीटी' या फाइलीत मिळतात. ही फाइल 'ग्रास' या मुक्तस्रोत नकाशाप्रणालीत उतरवायची आणि तिच्यावरून उठावाचा छायांकित नकाशा तयार करायचा, एवढेच माझे काम होते. ते एका संध्याकाळी उरकेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तीन संध्याकाळी लागल्या आणि त्यांतला बराचसा वेळ चुकीच्या वाटेने पुढे जाऊन परत फिरण्यात गेला. कुठे थांबून खात्री करून घ्यावी हे मागून येणाऱ्यांना आधीच कळावे, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

हे आकडे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत गोळा केले. यानावरील एक रडार अँटेना आणि ६० मीटर लांबीच्या दांडीच्या टोकावरील दुसरी, अशा दोन ठिकाणी परत आलेल्या लहरींतील फरकावरून जमिनीची उंची काढण्यात आली. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातील बहुतेक सर्व भूभाग त्यात आला. या मोहिमेच्या एचजीटी फाइलीत मथळा नसतो. किती ओळी, किती स्तंभ, कोणते अक्षांश-रेखांश, कोणते एकक, यांपैकी काहीही आत लिहिलेले नसते. वायव्य कोपऱ्यापासून सुरू होऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे, ओळीमागून ओळ, नुसते आकडे असतात. सगळ्या अडचणींचे मूळ इथेच आहे. आपण चुकीची माहिती दिली तरी प्रणाली बहुधा तक्रार करत नाही, ती निमूटपणे चुकीचा नकाशा तयार करून देते.

पहिला मुक्काम फाइलीच्या आकाराचा. शेजारच्या दोन आकड्यांत तीन सेकंदांचे अंतर असलेल्या (अंशाच्या ३६०० व्या भागाला इथे सेकंद म्हणतात), म्हणजे तीन सेकंदांच्या फाइलीत १२०१ ओळी आणि १२०१ स्तंभ असतात आणि प्रत्येक उंचीला २ बाइट लागतात, म्हणून फाइल बरोबर २८,८४,८०२ बाइटांची असली पाहिजे. एका सेकंदाच्या फाइलीत ३६०१ ओळी आणि तितकेच स्तंभ असतात आणि तिचा आकार २,५९,३४,४०२ बाइट भरतो. दोन्हींचे नाव मात्र एकच असते, त्यामुळे नावावर विसंबू नये. माझी पहिली फाइल अर्धवट उतरलेली होती. आकार आधी पाहिला असता तर पहिल्या संध्याकाळचा एक तास वाचला असता.

दुसरा मुक्काम बाइटांच्या क्रमाचा, आणि माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. दोन बाइटांच्या आकड्यात मोठ्या किमतीचा बाइट आधी लिहायचा की नंतर, याच्या दोन रीती आहेत. एचजीटी फाइलीत तो आधी असतो. आपल्या वापरातले बहुतेक संगणक तो नंतर आहे असे धरून चालतात. ग्रासमध्ये अशी फाइल आत घेणाऱ्या 'आर.इन.बिन' या आज्ञेला क्रम सांगितला नाही, तर ती संगणकाचाच क्रम गृहीत धरते. मी तो सांगितला नव्हता. पडद्यावर डोंगरदऱ्यांऐवजी वाळू पसरल्यासारखे चित्र आले आणि किमान-कमाल उंची उणे बत्तीस हजारांपासून अधिक बत्तीस हजारांच्या आसपास पोचली. बाइटांची अदलाबदल झाली की १ मीटरचा फरक २५६ मीटरचा होतो, त्यामुळे शेजारच्या दोन कोषांतही (एका आकड्याच्या वाट्याला येणारी चौकट म्हणजे कोष) कडे कोसळल्यासारखे दिसतात. ८८४८ हा आकडा उलटा वाचला तर उणे २८,६३८ होतो, म्हणजे जगातले सर्वोच्च शिखर सर्वांत खोल खड्डा ठरते!

याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. जिथे रडारला उंची मिळाली नाही तिथे उणे ३२,७६८ हा खुणेचा आकडा ठेवलेला असतो. उलट्या वाचनात तो १२८ होतो, म्हणजे अगदी साधी, पटण्यासारखी उंची. 'माहिती नाही' या खुणेचा आकडा मी आज्ञेत बरोबर दिलेला होता. तरीही एकही पोकळी रिकामी म्हणून दाखवली जात नव्हती, आणि मी बराच वेळ या फाइलीत पोकळ्या नसाव्यात असे समजत होतो. म्हणून आयात करण्यापूर्वी फाइलीचे पहिले शे-दोनशे बाइट एखाद्या साध्या बाइटदर्शकात उघडून पाहावेत. जोडीतला जो बाइट हळूहळू बदलतो तो मोठ्या किमतीचा. चार ते पाच हजार मीटरच्या प्रदेशात तो १५ ते १९ च्या दरम्यान राहतो, तर दुसरा कसाही उड्या मारतो. या दोन मिनिटांच्या पाहणीला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही. आकडे चिन्हासह आहेत हेही आज्ञेला वेगळे सांगावे लागते, नाहीतर उणे ३२,७६८ च्या जागी अधिक ३२,७६८ वाचला जातो आणि पोकळीच्या जागी कल्पित सुळके उभे राहतात.

तिसरा मुक्काम सीमारेषांचा. फाइलीच्या नावातला अक्षांश आणि रेखांश नैर्ऋत्य कोपऱ्याचा असतो, म्हणून मी उत्तर २८, दक्षिण २७, पश्चिम ८६ आणि पूर्व ८७ असे आकडे दिले. नकाशा सुरेख दिसला, पण तो चूक होता. या फाइलीत पूर्ण अंश कोषाच्या मध्यबिंदूवर पडतो, आणि आज्ञा मागते ती कोषांच्या बाहेरच्या कडांची मापे. म्हणून प्रत्येक बाजूला अर्धा कोष, म्हणजे माझ्या तीन सेकंदांच्या फाइलीत अंशाचा २४०० वा भाग, वाढवावा लागतो. उत्तर २८.०००४१६६६७, दक्षिण २६.९९९५८३३३३, आणि त्याच रीतीने पश्चिम व पूर्व. तसे न केल्यास नकाशा सरकत नाही, तर किंचित आक्रसतो: मध्यभागी चूक शून्य आणि कडेला सुमारे ४६ मीटर. एकाच फाइलीवर काम असेल तर हे जाणवणारही नाही. शेजारची फाइल जोडायला घेतली की जाणवते, कारण दोन्ही फाइलींतील कडेची ओळ एकच असते आणि ती एकमेकींवर पडण्याऐवजी शेजारी-शेजारी दोनदा येते.

इथे थोडी आडवाट. 'जीटोपो३०' या १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या, ३० सेकंदांच्या जागतिक आकडेवारीचे नियम अगदी उलट आहेत. तिथे फाइलीचे नाव वायव्य कोपऱ्यावरून पडते, पूर्ण अंश कोषाच्या कडेवर येतो आणि समुद्रासाठी उणे ९९९९ वापरतात. तिच्या बहुतेक फाइलींत ६००० ओळी आणि ४८०० स्तंभ असतात. हे दोन आकडे अदलाबदल करून दिले तरी गुणाकार तोच येतो, आकाराची तपासणी पार पडते आणि पडद्यावर तुकड्यातुकड्यांचे, पट्टेदार चित्र उमटते. चौकोनी एचजीटी फाइलीत निदान हा धोका नाही.

आयात झाली आणि पडदा कोराच राहिला, तर घाबरू नये. ग्रासमधील कामाचा प्रदेश दुसरीकडेच असतो, तो 'जी.रीजन'ने नव्या नकाशावर आणावा.

त्यानंतर खात्री. एव्हरेस्ट २७.९८८ उत्तर आणि ८६.९२५ पूर्व येथे आहे. म्हणजे ते वरून साधारण पंधराव्या ओळीत आणि डावीकडून सुमारे अकराशेदहाव्या स्तंभात सापडले पाहिजे. ते तळाशी सापडले तर ओळी उलट्या क्रमाने वाचल्या गेल्या आहेत असे समजावे. शिखराची उंची अधिकृत ८८४८.८६ मीटरशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण नव्वद-एक मीटरच्या कोषात टोकदार माथा बोथट होतो. उभ्या कड्यांमागे तर रडारची सावली पडून मूळ आवृत्तीत पोकळ्याच राहिल्या आहेत. त्या 'आर.फिलनल्स'ने भरता येतात, पण मोठ्या पोकळीत तो केवळ अंदाज असतो. तिथे याच आकडेवारीची नासाची तिसरी आवृत्ती घेणे मला अधिक रास्त वाटते, कारण तिच्यातील पोकळ्या प्रामुख्याने उपग्रहावरील अॅस्टर उपकरणाच्या आकडेवारीवरून भरलेल्या आहेत.

एवढे सगळे हाताने करण्याची गरज दर वेळी नसते. 'जीडाल' हे ग्रंथालय, म्हणजे नकाशांच्या फाइली वाचणारा आज्ञासंच, एचजीटी फाइल ओळखते, त्यामुळे 'आर.इन.जीडाल' किंवा 'क्यूजीआयएस' ही दुसरी नकाशाप्रणाली यांतून ती थेट उघडते. मात्र ते स्थान फाइलीच्या नावावरूनच काढत असल्याने नाव बदलू नये. एखाद्या संगणकीय प्रारूपातून (मॉडेलमधून) आलेली निनावी बायनरी फाइल हाती पडली, तर वरचाच रस्ता धरावा लागतो.

एव्हरेस्ट या चौकोनाच्या उत्तर कडेपासून जेमतेम १.३ किलोमीटरवर आहे आणि मकालू तर पूर्वेच्या चौकोनात जाते. म्हणून मी एन२८ई०८६ आणि एन२७ई०८७ याही फाइली घेतल्या, प्रदेश तिघींना पुरेल एवढा वाढवला आणि 'आर.पॅच'ने त्या जोडल्या. अर्ध्या कोषाची दुरुस्ती केलेली असल्यामुळे सांधा दिसला नाही. छायांकन करताना आडवी मापे अंशांत आणि उभी मीटरमध्ये आहेत हे लक्षात ठेवावे. जीडालमधील 'जीडालडेम' ही आज्ञा वापरताना त्यासाठी १,११,१२० हे प्रमाण द्यावे, नाहीतर जीडालच्या जुन्या आवृत्त्यांत सगळा प्रदेश काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा होतो. जोडलेला नकाशा मी चिन्हासह १६ बिटांच्या जिओटिफमध्ये साठवला, म्हणजे सीमा, एकक आणि पोकळीची खूण यापुढे फाइलीसोबतच राहतील. यातील उंची ईजीएम९६ या भूआभावरून, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या जवळच्या पृष्ठावरून मोजलेली आहे. जीपीएसच्या कच्च्या, लंबगोलावरून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावरून) मोजलेल्या उंचीशी ती ताडून पाहणाऱ्याला काही दशक मीटरांचा फरक दिसेल, आणि त्यात आयातीचा काहीही दोष नसेल.